रोनाल्ड कूमन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कूमनचा (डच फुटबॉलर, पुढे कोच) विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, निम्मे वेम्बलीच्या फ्री किकबद्दल आणि निम्मे "मेस्सीला ह्यानेच घालवलं ना" टाइपचे, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतोय. आधी सोपे, मग किचकट. जे एका ठिकाणी सांगून झालंय तिथे नंबर दिलाय, परत टाइप करत बसणार नाही.

१. नाव नक्की काय आहे? कोमन, कोएमन, कूमन?

कूमन. डच भाषेत 'ओ' आणि 'ई' अशी अक्षरं जोडून आली की उच्चार 'ऊ' होतो. इंग्लिश कॉमेंटेटर कोमन म्हणतात म्हणून आपल्याकडे पेपरात पण तेच छापून येतं, चालतंय, कुणाला कळत नाही असं काही नाही. तसंच डच 'जे'चा उच्चार 'य' होतो, म्हणून क्लबचं नाव अजाक्स नाही तर आयाक्स. आणि हो, रोनाल्ड, रोनाल्डो नाही, हा प्रश्न खरंच येतो.

२. मी फक्त बार्सिलोनाचा कोच म्हणून ओळखतो. आधी खेळाडू होता का? कुठल्या कुठल्या टीमकडून?

होता का म्हणजे काय, चांगलाच होता! जन्म २१ मार्च १९६३, झांडाम, आम्सटरडॅमच्या शेजारचं गाव. वडील मार्टिन कूमन स्वतः फुटबॉलर, नेदरलँड्सकडून एक मॅच खेळलेले, मोठा भाऊ एर्विन पण फुटबॉलर, म्हणजे घरात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नसणार. १९८० मधे १७ वर्षांचा असताना ग्रोनिंगेनकडून सुरुवात, १९८३ ला आयाक्स, १९८६ ला पीएसव्ही आयंडहोवन, १९८९ ला बार्सिलोना आणि १९९५ ते १९९७ फेयेनूर्ड, तिथेच बूट टांगले. देशाकडून ७८ मॅचेस, १४ गोल, शेवटी शेवटी कॅप्टन.

लीग टायटल्स मोजायची तर आयाक्सबरोबर एक (१९८५), पीएसव्हीबरोबर लागोपाठ तीन (१९८७, ८८, ८९), बार्सिलोनाबरोबर लागोपाठ चार (१९९१ ते १९९४). एकूण आठ. युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) दोनदा, दोन वेगळ्या क्लबकडून, त्यांची गोष्ट प्रश्न ४ आणि ६ मधे.

३. डिफेंडर होता तर मग इतके गोल कसे? आकडा खरा आहे का?

खरा आहे. नुसत्या लीगमधे १९३. बेरीज करून बघा: ग्रोनिंगेन ३३, आयाक्स २३, पीएसव्ही ५१, बार्सिलोना ६७, फेयेनूर्ड १९. कप, युरोप आणि देशाचे गोल धरले की आकडा अडीचशेच्या आसपास जातो, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे नंबर दिसतात, चूक कुणाचीच नसते, कोण काय मोजतंय एवढाच फरक. १९८७-८८ च्या सीझनला तर एकट्या लीगमधे २१ मारले, भले भले स्ट्रायकर तेवढे मारत नाहीत.

कसे, तर तीन कारणं आहेत. पेनल्टी तो घ्यायचा, फ्री किक तो घ्यायचा, आणि तीसेक मीटरवरून समोर जागा दिसली की बिनधास्त हाणायचा. उजवा पाय म्हणजे तोफ. पण लोक एक गोष्ट विसरतात, की तो मुळात धावायला जोरात नव्हताच, स्पीड म्हणाल तर यथातथाच. त्यामुळे त्याला लाइनच्या मागे स्वीपरसारखं ठेवायचे, तिथून तो पन्नास मीटरचा तिरका पास समोरच्याच्या पावलावर टाकायचा. योहान क्रायफ (डच दिग्गज, तेव्हाचा कोच) याच्या बार्सिलोनात हाच खरा उपयोग होता, गोल हा वरचा बोनस. पासिंगचे व्हिडिओ कुणी बघत नाही, सगळे फ्री किकचेच बघतात, आता काय बोलणार.

एक तळटीप: तरुणपणी तो मिडफिल्डला पण खेळलाय, त्यामुळे "सगळेच्या सगळे गोल डिफेंडर म्हणून" असं छातीठोक कुणी म्हणत असेल तर जरा थांबवा त्याला.

आणि १९९३-९४ च्या चॅम्पियन्स लीगचा जॉइंट टॉप स्कोअरर हाच, ८ गोल, ब्रेमेनच्या विंटन रुफरएवढेच. सेंटर बॅक! त्या सीझनची फायनल मात्र बार्सिलोना मिलानकडून ४-० हरली, अथेन्सला, आणि त्या टीमचं तिथेच संपलं.

४. वेम्बलीचा गोल एवढा का गाजतो? फ्री किकच तर होती.

२० मे १९९२, जुनं वेम्बली, युरोपियन कपची फायनल, बार्सिलोना विरुद्ध इटलीचं सॅम्पडोरिया. बार्सिलोनाने तोपर्यंत हा कप एकदाही जिंकला नव्हता. रिअल माद्रिदकडे सहा होते. आधीच्या दोन फायनल हरलेल्या, त्यातली १९८६ ची तर स्टेआवा बुखारेस्टविरुद्ध पेनल्टीवर, जिथे बार्सिलोनाच्या चारही किक वाया गेल्या. म्हणजे ओझं किती होतं बघा.

नव्वद मिनिटं शून्य शून्य. व्हिआलीने सॅम्पडोरियाचे चान्स घालवले, बार्सिलोनाकडून स्टॉइचकोव्हचा फटका पोस्टला लागला. एक्स्ट्रा टाइम पण संपत आला, सगळ्यांना पेनल्टी दिसायला लागली. ११२ व्या मिनिटाला बॉक्सच्या बाहेर युसेबियोला पाडल्याबद्दल फ्री किक मिळाली, सॅम्पडोरियावाले आजही म्हणतात फाउल नव्हताच. मग ते तिघांचं काम: स्टॉइचकोव्हने बॉल हलकेच बाजूला सरकवला, बाकेरोने पायाखाली धरून थांबवला आणि कूमन धावत आला. थेट का नाही मारला, तर समोरच्या भिंतीचा अँगल मोडायला. बॉल सरकला की भिंतीतली माणसं पुढे पळत सुटतात आणि फट पडते. त्या फटीतून जमिनीलगत गेलेला तो बॉल, किपर पाग्लियुकाने झेप घेतली पण बॉल हाताच्या पलीकडून आत. बॉल जाळीत गेला तसा क्रायफ डगआउटसमोरचा जाहिरातीचा बोर्ड ओलांडून मैदानाकडे निघाला, ओव्हरकोट घातलेला, पाय बोर्डवर अडकता अडकता, ते फुटेज बघितलं नसेल तर बघा, मला गोलपेक्षा तेच जास्त आवडतं.

तर फ्री किकच होती, पण ती मारली तेव्हापासून त्या क्लबचा न्यूनगंड गेला असं तिथली मंडळी मानतात. पुढे २००६, २००९, २०११, २०१५ आले, पहिला हा.

५. त्या फायनलच्या फोटोत बार्सिलोना नारिंगी का? आणि कप घेताना नेहमीची जर्सी कशी?

नारिंगी ही त्यांची त्या वर्षीची दुसरी जर्सी. सॅम्पडोरियाचा नेहमीचा रंग निळा, म्हणून बदलावी लागली. मॅच संपल्यावर कप उचलायला वर जाताना मात्र सगळ्यांनी पटापट लाल-निळी चढवली. एका डच माणसाने नारिंगी शर्टात बार्सिलोनाला पहिला कप मिळवून द्यावा हा निव्वळ योगायोग, पण गोड आहे.

६. १९८८ साली त्याने नक्की काय काय जिंकलं? आणि "एकही मॅच न जिंकता युरोपियन कप" हे खरं का?

अर्धं खरं आहे. पीएसव्हीने आधीच्या राउंड जिंकल्या होत्या, पण क्वार्टर फायनलपासून पुढे पाच मॅच झाल्या आणि पाचही ड्रॉ. बोर्डोशी १-१ आणि ०-०, रिअल माद्रिदशी १-१ आणि ०-०, अवे गोलवर (स्कोअर समान असेल तर समोरच्याच्या मैदानावरचे गोल जास्त धरायचे, हा तेव्हाचा नियम) पुढे सरकले. फायनल स्टुटगार्टला बेन्फिकाशी ०-०, पेनल्टीवर ६-५. पहिली पेनल्टी कूमनने मारली आणि शेवटी किपर व्हॅन ब्रॉइकेलेनने व्हेलोसोची अडवली. कोच गुस हिडिंक. वर डच लीग आणि डच कप पण त्याच वर्षी. म्हणजे तिन्ही.

महिन्याभरात पश्चिम जर्मनीत युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा. ती पण जिंकली, आजपर्यंत डच पुरुष संघाची ती एकमेव मोठी ट्रॉफी. पहिली मॅच सोव्हिएत युनियनशी हरले, इंग्लंडला ३-१ ने हरवलं, मग आयर्लंड. ड्रॉ झाला असता तर घरी. ८२ व्या मिनिटाला कूमनने लांबून फटका मारला तो साफ चुकला, बॉल जमिनीवर आपटून भलतीकडे उडाला आणि डच स्ट्रायकर किफ्टच्या डोक्याला लागून विचित्र वळत आत गेला. कूमनच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट शॉट आणि सगळ्यात कामाचा. पुढची सेमी फायनल प्रश्न ७ मधे. फायनलमधे सोव्हिएत युनियन २-०, गुलिटचा हेडर आणि व्हॅन बास्टेनची ती व्हॉली.

ह्यात भावाची गंमत ऐका. एर्विनने त्याच वर्षी बेल्जियमच्या मेशेलेनकडून कप विनर्स कप जिंकला, फायनलला आयाक्सला हरवून. म्हणजे दोन भाऊ, दोन वेगळे युरोपियन कप, आणि मग दोघं एकत्र युरो. नंतर सुपर कपला दोघांचे क्लब आमनेसामने, त्यात मोठ्याने बाजी मारली, मेशेलेन ३-० आणि ०-१.

७. जर्मन शर्टचं प्रकरण काय होतं?

२१ जून १९८८, हॅम्बर्ग, सेमी फायनल. दुसऱ्या महायुद्धाची आठवण आणि १९७४ ची हरलेली वर्ल्ड कप फायनल, दोन्ही डच लोकांच्या मनात होतं. मॅथॉयसने पेनल्टीवर जर्मनीला पुढे नेलं, कूमनने पेनल्टीवरच बरोबरी केली, आणि शेवटच्या दोन मिनिटांत व्हॅन बास्टेनने घसरत मारून २-१. नेदरलँड्समधे त्या रात्री लाखो लोक रस्त्यावर उतरले होते.

मॅचनंतर कूमनने ओलाफ थॉनबरोबर शर्ट बदलला आणि डच प्रेक्षकांसमोर त्या शर्टाने मागचा भाग पुसल्याची ॲक्टिंग केली. कॅमेऱ्यात आलं. घाणेरडंच होतं ते, त्याला दुसरा शब्द नाही, जिंकल्याच्या नशेत केलेलं म्हणून सोडून देता येत नाही. हात दाखवून अवलक्षण ते हेच. कूमन म्हणजे मैदानावर थंड डोकं असं आपण म्हणतो, पण मॅच संपल्यावर हे डोकं कधी कधी सुटतं, तोंडसुद्धा. कोच म्हणून त्याला जे जे नडलं त्यात याचा वाटा मोठा आहे (१४, १५, १६ बघा).

८. इंग्लंडचे लोक त्याच्यावर अजून का चिडतात?

१३ ऑक्टोबर १९९३, रॉटरडॅम, वर्ल्ड कप क्वालिफायर. शून्य शून्य असताना डेव्हिड प्लॅट एकटा गोलकडे सुटला, कूमनने त्याला मागून धरून पाडलं. सरळ सरळ रेड कार्ड. रेफरीने फ्री किक दिली आणि कार्ड दाखवलं पिवळं. पाचेक मिनिटांनी दुसऱ्या बाजूला फ्री किक, मारणारा अर्थातच कूमन. पहिला शॉट अडला कारण इंग्लंडचा खेळाडू आधीच पळत आला, म्हणून परत घ्यायला सांगितली. दुसऱ्या वेळी सगळ्यांना वाटलं तोफ येणार, ह्याने अलगद भिंतीवरून उचलून टाकला, किपर सीमन बघत राहिला. मग बर्गकॅम्पने दुसरा केला, २-०, आणि इंग्लंड १९९४ च्या वर्ल्ड कपला गेलंच नाही.

इंग्लिश माणसाच्या जागी मी असतो तर मी पण चिडलो असतो. पण ती दुसरी फ्री किक मारायला जिगर लागते राव.

९. खेळाडू म्हणून वर्ल्ड कप जिंकला का?

नाही. १९९० ला राउंड ऑफ सिक्स्टीनमधे पश्चिम जर्मनीने काढलं, २-१, डचांचा एक गोल ह्याचाच, पेनल्टीवर. १९९४ ला क्वार्टर फायनलमधे ब्राझीलने ३-२. कोच म्हणून विचारत असाल तर प्रश्न १७.

१०. क्रायफचा तो चेला होता का?

हो, पण सरळ रेषेत नाही. १९८३ ला कूमन आयाक्सला आला तेव्हाच क्रायफ खेळाडू म्हणून आयाक्स सोडून फेयेनूर्डला गेला होता, म्हणजे पहिलं वर्ष हे दोघं विरुद्ध टीममधे. १९८५ ला क्रायफ आयाक्सचा सूत्रधार म्हणून परतला, एक सीझन एकत्र, डच कप जिंकला, आणि कूमन थेट शत्रूकडे, पीएसव्हीला. तरी १९८९ ला क्रायफने त्याला बार्सिलोनात नेलंच. क्रायफचा हिशोब असा की बॉल जर आपल्याकडेच असेल तर डिफेंडरला पळायची वेळ कमी येते, मग मागे असा माणूस हवा जो बॉल खेळवू शकतो. म्हणून स्पीड नसलेला कूमन मागे आणि त्याच्यापुढे किडकिडीत तरुण ग्वार्डिओला.

११. कोच कसा झाला? डायरेक्ट मोठी टीम मिळाली का?

आधी पाठीमागे बसून शिकला. १९९८ च्या वर्ल्ड कपला हिडिंकचा असिस्टंट (नेदरलँड्स चौथे), मग बार्सिलोनात व्हॅन गालचा असिस्टंट, त्याच स्टाफवर मोरिन्यो पण होता. २००० मधे व्हिटेसा, पहिली स्वतःची टीम. डिसेंबर २००१ ला आयाक्स.

आयाक्सला पहिल्याच सीझनला लीग आणि कप दोन्ही, २००४ ला परत लीग. पोरं कोण होती बघा, इब्राहिमोविच, स्नायडर, व्हॅन डर व्हार्ट, किवू. २००३ ला चॅम्पियन्स लीग क्वार्टर फायनलला सॅन सिरोवर २-२ होतं, तेवढ्यावर आयाक्स पुढे गेलं असतं, इंज्युरी टाइममधे मिलानने तिसरा मारला आणि पुढे जाऊन कपच जिंकला. मग व्हॅन गाल टेक्निकल डायरेक्टर म्हणून आला, एका म्यानात दोन तलवारी, दोघांचं बिनसलं. व्हॅन गाल आधी गेला, पण २००५ च्या फेब्रुवारीत ओसेअरकडून युएफा कपमधे हरल्यावर कूमननेही सोडलं.

१२. डच "बिग थ्री" तिन्हीकडे खेळणारा आणि कोच होणारा एकटाच, हे बरोबर आहे का?

बरोबर. आयाक्स, पीएसव्ही, फेयेनूर्ड तिन्हीकडून खेळला आणि तिन्हीचा हेड कोच झाला, असा दुसरा कुणी नाही. ह्या तीन क्लबच्या फॅन्सचं एकमेकांशी किती पटतं हे माहीत असेल त्यालाच ह्याची किंमत कळेल.

पण इथे एक मेख आहे. "तिन्हीकडे चॅम्पियन" असं कुणी लिहिलं तर चूक. आयाक्स आणि पीएसव्हीबरोबर खेळाडू आणि कोच दोन्ही म्हणून लीग जिंकली. फेयेनूर्डबरोबर दोन्ही वेळा नाही. कोच असताना २०११ ते २०१४ तिथे दुसरा, तिसरा, दुसरा असे नंबर आले. क्लबची आर्थिक अवस्था आणि हातातली कोवळी पोरं बघता मला ते तीन सीझन त्याच्या कोचिंगमधले सगळ्यात चांगले वाटतात, ट्रॉफी नाही तरी.

१३. २००७ च्या डच लीगचा शेवटचा दिवस काय भानगड होती?

२९ एप्रिल २००७. पीएसव्हीचा हा पहिला सीझन कूमनखाली. मोठी आघाडी होती ती उधळून बसलेले, आणि शेवटच्या मॅचआधी एझेड, आयाक्स, पीएसव्ही तिघांचे ७२ पॉइंट. गोल डिफरन्समधे एझेड पहिलं, आयाक्स दुसरं, पीएसव्ही तिसरं. एझेडचा कोच कोण, तर व्हॅन गाल!

एझेडची मॅच तळाकडच्या एक्सेलसियरशी, सोपी वाटणारी, पण किपरला लवकरच रेड कार्ड आणि ३-२ ने हार. आयाक्सने विलेम टूला २-० हरवलं. पीएसव्हीला व्हिटेसाविरुद्ध गोल डिफरन्सही भरून काढायचा होता, पाचवा गोल कोकूने केला, ५-१. शेवटी पीएसव्ही अधिक ५०, आयाक्स अधिक ४९. एका गोलने लीग. तीन मैदानांवर तीन रेडिओ कानाला लावून बसलेली माणसं आणि दर दहा मिनिटांनी चॅम्पियन बदलतोय.

१४. व्हॅलेन्सियात कप जिंकूनही हाकललं? असं कसं?

२००७ च्या शरद ऋतूत पीएसव्ही मधेच सोडून व्हॅलेन्सियाला गेला. तिथे गेल्या गेल्या अल्बेल्दा, कॅन्यिझारेस, अंगुलो ह्या तीन जुन्या खांबांना टीमबाहेर काढलं, तेही कॅप्टनसकट. ड्रेसिंग रूम तिथेच फाटली. १६ एप्रिल २००८ ला हेताफेला ३-१ हरवून कोपा देल रे जिंकला. चार दिवसांनी बिलबाओला ५-१ मार खाल्ला, दुसऱ्या दिवशी नारळ. लीगमधे टीम पंधरावी, रेलिगेशनच्या (खालच्या लीगमधे जाण्याच्या) जागेपेक्षा दोनच पॉइंट वर. कप असून पण मला तरी हाकलणं चूक वाटत नाही.

त्यानंतर एझेडला २००९ मधे गेला, डच सुपर कप जिंकला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तिथूनही गच्छंती. ह्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं तिथे काही नाही.

१५. इंग्लंडमधे चांगला होता की वाईट?

दोन्ही. साउदॅम्प्टनला २०१४ ला गेला त्याच उन्हाळ्यात लल्लाना, लॅम्बर्ट, लोव्हरेन, शॉ, चेंबर्स सगळे विकले गेले. ह्याने रिकाम्या ट्रेनिंग ग्राउंडचा फोटो टाकून "ट्रेनिंगला रेडी" असं ट्विट केलं, लोक हसले. मग पेल्ले, टॅडिच, माने आणले, आणि सातवा, पुढच्या वर्षी सहावा नंबर. सन्डरलंडला ८-० त्याच काळात, मानेची तीन मिनिटांच्या आत हॅटट्रिक पण. व्हर्जिल व्हॅन डाइकला सेल्टिकमधून इंग्लंडमधे आणणारा पण हाच.

२०१६ ला एव्हर्टन. पहिलं वर्ष सातवा. दुसऱ्या वर्षी लुकाकू गेला, पैसे पाण्यासारखे खर्चले, एकाच जागेवर खेळणारे तीन तीन खेळाडू घेतले आणि गोल करणारा घ्यायचाच राहिला. ऑक्टोबर २०१७ ला आर्सेनलने घरच्या मैदानावर ५-२ ने धुतलं, टीम अठरावी, खेळ खलास. त्याआधी नाताळात घरच्या लाल सजवलेल्या ख्रिसमस ट्रीचा फोटो टाकून बसला होता, लाल म्हणजे लिव्हरपूलचा रंग, एव्हर्टनचे फॅन पेटले. झाडाचा काय दोष, पण बघायचं ना राव.

१६. मेस्सीला ह्यानेच घालवलं ना? बार्सिलोनाची वाट लावली ना?

नाही आणि नाही, पण धुतल्या तांदळासारखा पण नाही.

क्रम बघा. ऑगस्ट २०२० ला बायर्नकडून ८-२. त्यानंतर कूमन आला. मेस्सीने जायचंय म्हणून क्लबला पत्र पाठवलं तेव्हा त्याचं भांडण बोर्डाशी, तेव्हाचा प्रेसिडेंट बार्तोमेउशी होतं. कूमनखाली तो एक पूर्ण सीझन खेळला, लीगमधे ३० गोल मारले. २०२१ च्या ऑगस्टमधे गेला तो पैशाच्या गणितामुळे, लीगच्या सॅलरी लिमिटमधे त्याचं कॉन्ट्रॅक्ट बसेना. त्यात कोच काय करणार.

सुआरेझचं प्रकरण मात्र कूमनच्या खात्यात. फोनवर "माझ्या प्लॅनमधे तू नाहीस" सांगून मोकळा झाला. तो ॲटलेटिकोला गेला आणि त्याच सीझनला त्यांना लीग जिंकून दिली. घ्या.

जमेला काय, तर एप्रिल २०२१ चा कोपा देल रे, बिलबाओला ४-० हरवून. पेद्रीला सतरा-अठराव्या वर्षी नियमित खेळवलं, गावीला पहिली मॅच दिली. पुढे ज्यांच्या जिवावर क्लब उभा राहिला त्या पोरांना ह्याने आधी उभं केलं, हे त्याचे टीकाकार सोयीने विसरतात. दुसऱ्या सीझनला मेस्सी नाही, पैसे नाहीत, नवा प्रेसिडेंट लापोर्ता ज्याने त्याला निवडलेलंच नाही. सप्टेंबरमधे तर प्रेस कॉन्फरन्सला येऊन एक कागद वाचला आणि एकही प्रश्न न घेता उठून गेला. घर फिरलं की वासेही फिरतात. क्लासिको (रिअल माद्रिदविरुद्धची मॅच) हरल्यावर स्टेडियमबाहेर त्याची गाडी लोकांनी घेरली, तीन दिवसांनी रायो व्हायेकानोकडून १-० हरल्यावर त्याच रात्री काढलं. जागी झावी. वेम्बलीचा हिरो (प्रश्न ४) म्हणून पुतळा व्हायचा माणूस असा गेला, वाईट वाटलं.

१७. नेदरलँड्सचा कोच दोनदा कसा? आणि पहिल्यांदा मधेच का सोडलं?

पहिल्यांदा फेब्रुवारी २०१८ ला आला. तेव्हा संघ युरो २०१६ ला नाही, वर्ल्ड कप २०१८ ला नाही अशा अवस्थेत. नेशन्स लीगमधे जर्मनीला ३-०, फ्रान्सला २-० हरवलं, २०१९ च्या फायनलला पोर्तुगालकडून १-० हरले. युरो २०२० ला पात्र झाले, पण कोव्हिडने युरो वर्षभर पुढे गेली. मे २०२० मधे सायकलिंगनंतर छातीत दुखून हॉस्पिटलात जावं लागलं, हृदयाचा त्रास निघाला. ऑगस्टमधे बार्सिलोनाची ऑफर आली आणि गेला. टूर्नामेंटच्या आधी सोडलं म्हणून बऱ्याच डच लोकांना राग आला. माझं मत, त्या आजारपणानंतर स्वप्नातली नोकरी समोर आली तर कोण थांबेल.

दुसऱ्यांदा जानेवारी २०२३, कतार वर्ल्ड कपनंतर, पुन्हा व्हॅन गालच्याच जागी (हे दोघं एकमेकांना सोडत नाहीत, ११ आणि १३ बघा). पहिलीच मॅच फ्रान्सकडून ४-०. युरो २०२४ ला मात्र सेमी फायनल, डॉर्टमुंडला इंग्लंडविरुद्ध. झावी सिमन्सने सातव्या मिनिटाला लांबून हाणला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे पाऊणच्या आसपास झाले होते आणि मी घरच्यांना उठवलं होतं. नव्वदाव्या मिनिटाला वॉटकिन्सने तोच आनंद काढून घेतला, २-१. नंतर २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी संघ पात्र केला. त्याआधी हेड कोच म्हणून तो वर्ल्ड कपला गेलेला नव्हता, कारण दोन्ही वेळा तारखाच तशा जुळल्या.

१८. बर्खवाइनला सौदीत गेला म्हणून कायमचं काढलं का?

२०२४ ला डच फॉरवर्ड बर्खवाइन २६ व्या वर्षी आयाक्समधून अल इत्तिहादला गेला. कूमनने जाहीरपणे सांगितलं की ह्या वयात खेळ सोडून दुसऱ्या गोष्टीला महत्त्व दिलं, त्याच्यासाठी पुस्तक बंद. बर्खवाइन भडकला. इथे अडचण अशी की डच मिडफिल्डर वायनाल्डम आधी सौदीत खेळत असताना कूमननेच त्याला युरो २०२४ ला नेलं होतं. नियम वयावर की माणसावर, हा प्रश्न रास्त आहे, आणि कूमनचं उत्तर वयाचं होतं. मला ते अर्धंच पटलं.

१९. भारताचा कोच होता तोच हा ना?

नाही. तो विम कूव्हरमन्स. नाव सारखं वाटतं, दोघं डच, दोघं डिफेंडर, त्यामुळे हा घोळ दर वेळी होतो. आणि घोळ अगदीच बिनबुडाचा नाही, कारण कूव्हरमन्स पण १९८८ च्या त्या युरो जिंकणाऱ्या डच संघात होता, फक्त मैदानात उतरायची वेळ आली नाही, मधे कूमन आणि रायकार्ड असताना ती कशी येणार. देशाकडून त्याची एकच मॅच.

२०१२ ला तो भारताचा कोच झाला आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरला दिल्लीत नेहरू कपची फायनल, कॅमेरूनशी २-२, पेनल्टीवर ५-४ ने भारत जिंकला. कॅमेरूनची दुय्यम टीम होती असं लगेच कुणीतरी म्हणेल, हो होती. पुढच्या वर्षी काठमांडूत सॅफच्या (दक्षिण आशियाई स्पर्धेच्या) फायनलला अफगाणिस्तानने २-० हरवलं.